फरशी फोडण्यापूर्वी

मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून किंवा आखातातून गावी आलेले कुटुंब तीन-चार महिने बंद असलेल्या घराचे दार उघडते आणि न्हाणीघरातून गटाराचा दर्प येऊ लागतो. गोव्यात हा अनुभव इतका सर्रास येतो की पुष्कळांना तो बंद घराचाच वास वाटतो. काही जण मलवाहिनी फुटली असे समजून फरशी काढण्याच्या तयारीला लागतात. वास्तविक बहुतेक वेळा फुटलेले काहीच नसते. न्हाणीच्या जाळीखाली जो वाकडा भाग असतो, ज्याला कारागीर नहाणी ट्रॅप म्हणतात, त्यात साधारण दोन इंच पाणी कायम साचून राहावे अशी योजना असते. हे साचलेले पाणी म्हणजेच पलीकडच्या गटारातील वायूला अडवणारे झाकण होय. घर बंद राहिले की ते हळूहळू वाफ होऊन उडून जाते आणि वाट मोकळी होते. प्रत्येक मोरीत व न्हाणीत बादलीभर पाणी ओतावे. तासाभरात वास गेला, तर दुरुस्ती तिथेच संपली.

नळीला वळण देऊन पाण्याचे झाकण तयार करण्याच्या या कल्पनेचे पेटंट अलेक्झांडर कमिंग या घड्याळे बनवणाऱ्या कारागिराने १७७५ साली घेतले, आणि माझ्या मते घराच्या आरोग्याला इतकी स्वस्त आणि इतकी दुर्लक्षित अशी दुसरी सोय नाही. २००३ साली हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स या श्वसनरोगाची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली, तेव्हा तपासात बोट ज्या कारणांकडे दाखवले गेले त्यांत न्हाणीघरांतील कोरडे पडलेले ट्रॅप हे एक प्रमुख कारण होते. म्हणून घर दीर्घकाळ बंद ठेवताना ट्रॅप पाण्याने भरून त्यावर औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन दोन-तीन चमचे सोडावे. तेलाच्या थरामुळे बाष्पीभवन बरेच मंदावते.

वापरातल्या घरातही वास येत असेल आणि शौचालयाचा फ्लश ओढताच न्हाणीतून बुडबुड्यांसारखा आवाज येत असेल, तर दोष निराळा आहे. वेगाने खाली जाणारे पाणी आपल्या मागे हवा खेचते. ती हवा छतावर गेलेल्या व्हेंट पाइपातून यायला हवी, पण त्याचे तोंड पक्ष्याच्या घरट्याने किंवा पालापाचोळ्याने बुजले असेल, तर ती ट्रॅपमधून खेचली जाते आणि जाताना तिथले पाणीही घेऊन जाते. अशा वेळी न्हाणीत कितीही ओतले तरी उपयोग नाही. वर जाऊन पाइपाचे तोंड मोकळे करावे लागते.

स्वयंपाकघरातील सिंक तुंबण्यामागे आपल्याकडे खोबरेलाचा हात मोठा असतो. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसला गोठते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बाटलीतले तेल जसे पांढरे पडते, तसेच जेवणाच्या भांड्यांवरून वाहून गेलेले तेल आणि नारळाच्या रसातील स्निग्धांश पाइपाच्या थंड भिंतीला धरतात, आणि त्यावर भाताची शिते व किसाचे तंतू चिकटत जातात. सुरुवातीलाच लक्षात आले, तर गरम पाणी व भांड्यांचा साबण पुरतो. पुढची पायरी रबरी पंपाची. तो चालवताना सिंकच्या वरच्या बाजूचे ओव्हरफ्लो छिद्र ओल्या फडक्याने बंद करावे, कारण तिथून हवा निसटली की दाब अडथळ्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यानंतर सिंकखालची बाटलीसारखी फिरकी, खाली बादली ठेवून, हाताने उघडावी. कॉस्टिक सोडा चरबीचा साबण करतो हे खरे, पण तो पाण्यात मिसळताच प्रचंड उष्णता निघते. त्यावर आम्ल तर कधीच ओतू नये. आणि ब्लीच व आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. ही रसायने मी घरात वापरू देत नाही.

एकच मोरी तुंबली, तर अडथळा तिच्याजवळच आहे. जुलैत घरातल्या सगळ्याच मोऱ्या एकदम संथ झाल्या, तर मात्र शोषखड्ड्याकडे पाहावे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस घेणाऱ्या या प्रदेशात पावसाळ्यात भूजल वर येते, खड्ड्याभोवतीची चिऱ्याची जमीन आधीच भरलेली असते, आणि सेप्टिक टाकीतून येणाऱ्या पाण्याला जागा उरत नाही. पाइपात कितीही सळई घातली तरी हा दोष जात नाही.

नळाला पाणी कमी येत असेल, तर पंप विकत घेण्यापूर्वी उंची मोजावी. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा दाब मिळतो. टाकी शॉवरच्या जेमतेम दीड मीटर वर असेल, तर या दाबाच्या सुमारे सातव्या भागाइतकाच दाब मिळणार. एकाच नळाचा प्रवाह मंद असेल, तर तोंडाची जाळी काढून धुवावी. केवळ गरम पाणी मंद असेल, तर गिझरच्या वाटेवर शोध घ्यावा. टाकी भरलेली असूनही नळ नुसता सुस्कारे टाकत असेल, तर पाइपाच्या उंचवट्यावर हवा अडकली आहे, आणि टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाइपावर टाकीच्या काठाहून उंच अशी उघडी नळी उभी करणे हा त्यावरचा कायमचा उपाय होय. जुन्या घरांतील जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपांची गोष्ट वेगळी. चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरींचे पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते, ते आधी जस्ताचा मुलामा खाते आणि मग लोखंड. गंजाने आतला व्यास निम्मा झाला, की त्याच दाबाला प्रवाह सुमारे सहाव्या भागावर येतो. असा पाइप बदलावाच लागतो.

टपटपणाऱ्या नळाचे कारण बहुतेक वेळा कडक झालेला रबरी वायसर असते. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरहून अधिक पाणी. नळ जोराने आवळल्याने वायसर आणखी चिरतो. मुख्य कॉक बंद करून तो बदलणे अर्ध्या तासाचे काम आहे.

सर्वांत अवघड प्रश्न भिंतीच्या ओलीचा. पावसाळ्यात ती पावसाची की पाइपाची, हे नुसते पाहून कळत नाही. रात्री पंप व टाकीत येणारे पाणी बंद करावे, घरातले सगळे नळ मिटावेत आणि टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करावी. सकाळपर्यंत पातळी उतरली, तर टाकीनंतरच्या जोडणीत किंवा फ्लशमध्ये गळती आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकल्यावर, फ्लश न ओढता, वीस मिनिटांत तो भांड्यात उतरला, तर दोष तिथलाच. टाकीपूर्वीच्या वाहिनीसाठी सरकारी मीटर पाहावे: टाकीचा आत येणारा कॉक बंद असूनही काटा फिरत असेल, तर अंगणाखाली कुठेतरी पाणी जात आहे. पातळी आणि काटा दोन्ही स्थिर राहिले, तर फरशीला हात लावू नये. गवंड्याला छपरावर आणि बाहेरच्या गिलाव्यावर पाठवावे.