तापणाऱ्या अंगणावरचं कोटिंग : पार्श्वभूमी

ग्वाल्हेरच्या नव्या वसाहतींत घरापुढची मोकळी जागा आता बहुतेक ठिकाणी काँक्रीटची असते आणि तिच्यावर चकचकीत कोटिंग मारून घेण्याची चाल पडली आहे. माल विकणारे एकच हमी देतात, 'हे वाळवंटात टिकलेलं आहे.' तेव्हा वाळवंटात या कोटिंगांचं काय झालं, ते आधी बघायला हवं. आपल्याकडे वाळवंट नाही. एप्रिल ते जून मात्र तसाच जातो. राजस्थानकडून लू येते, पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. त्यानंतर दोन-तीन महिने पाऊस, आणि जानेवारीत पहाटे पाच अंशांच्याही खाली. म्हणजे अंगणाला वाळवंटापेक्षा इथे जास्तच सोसावं लागतं.

उष्ण कोरड्या मुलखात जमिनीला आणि गच्चीला पाण्यापासून वाचवण्याची कला जुनी आहे. येमेनमध्ये चुना आणि ज्वालामुखी खडकाची भरड एकत्र करून ती दिवसेंदिवस ठोकत, दगडाने घोटत आणि शेवटी तिच्यात जनावराची चरबी जिरवत. या कामाला 'कदाद' म्हणतात. मोरोक्कोत 'तादलाक्त' करताना चुन्यावर काळा साबण चोळतात. राजस्थानातली आराईश याच घराण्यातली. चुना आणि चरबी यांच्या संयोगातून चुन्याचा साबण तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही आणि पाण्याला आत घेत नाही. पण छिद्रं पुरती बुजत नाहीत, त्यामुळे आतली वाफ बाहेर पडत राहते. येमेनमधल्या राडा गावातल्या १५०४ सालच्या आमिरिया मदरशाची दुरुस्ती १९८० च्या दशकात सुरू झाली, तेव्हा कदादचे जाणते कारागीर शोधून हे काम पुन्हा उभं करावं लागलं.

ग्वाल्हेरच्या लष्कर या जुन्या भागातल्या वाड्यांच्या चौकात वालुकाश्माची फरशी आणि सांध्यांत चुना होता, वरून काही लावण्याचा प्रश्नच नव्हता. १९२० च्या दशकात संस्थानात बामोरला सिमेंटचा कारखाना निघाला, तरी अंगणं बराच काळ दगडाचीच राहिली. प्लॉटच्या वसाहती पडल्या तेव्हा कुठे घरापुढे काँक्रीट आलं, आणि काँक्रीटबरोबर त्याची दुखणी आली. पांढरे क्षार फुटणं, वरची पापडी सुटणं, केसासारख्या भेगा. दहा फुटांचा स्लॅब रात्रीपासून दुपारपर्यंत चाळीस अंशांनी तापला, तर साधारण सव्वा मिलिमीटर वाढतो. वर जो थर असेल त्याला रोज तेवढं ताणलं जावं लागतं.

आजची कोटिंगं विसाव्या शतकाच्या मध्यातली आहेत. पॉलियुरेथेनचं रसायन १९३७ चं, इपॉक्सी दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आली, पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक १९५३ चं. यांतलं एकही वाळवंटासाठी जन्मलं नव्हतं. इपॉक्सी कारखान्याच्या छपराखाली उत्तम. उन्हात ती पिवळी पडते आणि काही काळाने तिची खडूसारखी भुकटी होते, कारण तिच्या रेणूंतली वलयं अतिनील किरण शोषून तुटतात. म्हणून तिच्यावर उन्हाला टिकणाऱ्या पॉलियुरेथेनचा हात देण्याची पद्धत पडली. १९९० च्या दशकात पॉलिअस्पार्टिक आलं. ते उन्हाला टिकतं, पण कडक उन्हाळ्यात बादलीतच घट्ट व्हायला लागतं.

खास वाळवंटासाठी जे निघालं, त्याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲरिझोनात पोहण्याच्या तलावाच्या काठासाठी सिमेंटचाच एक फिका, खरबरीत थर बाजारात आला. अनवाणी पायांना चटका कमी बसावा एवढाच त्याचा हेतू होता. त्याला चमक नव्हती आणि तो काँक्रीटला कोंडत नव्हता. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शहाणं उत्पादन तेच.

खरा वाद पुढचा आहे आणि तो अजून मिटलेला नाही. काँक्रीटवर पातळ पडदा बसवायचा, की आत मुरणारं द्रव्य पाजायचं? पडदा म्हणजे ॲक्रिलिक, इपॉक्सी, पॉलियुरेथेन. मुरणारं द्रव्य, म्हणजे मुरणारा सीलर, मुख्यतः सिलेन आणि सिलोक्सेन या सिलिकॉनयुक्त रसायनांचा. ही द्रव्यं छिद्रांच्या भिंतींना चिकटून पाण्याला परतवतात, पण छिद्रं उघडी ठेवतात. रंगछटा बदललीच तर थोडी. डोळ्यांना काही दिसत नाही, आणि विक्रीच्या दृष्टीने हाच त्यांचा मोठा दोष ठरला. स्टॅम्प्ड काँक्रीटची, म्हणजे साच्याने नक्षी उठवलेल्या काँक्रीटची लाट आली तेव्हा गिऱ्हाइकाला भिजल्यासारखी चमक हवी होती, आणि ती पडद्याशिवाय मिळत नाही. उष्ण प्रदेशांत पडद्याचं पारडं जड झालं ते या मागणीमुळे. तांत्रिक तुलना करून कुणी ते ठरवलं नव्हतं.

पडद्याचा बचावही ऐकायला हवा, कारण तो पोकळ नाही. तेल, हळद, लिंबू यांचे डाग मुरणाऱ्या सीलरने पुरते अडत नाहीत. साचलेल्या पाण्याचा दाब तो पेलत नाही. शिवाय सिलेन चटकन उडतं. तापलेल्या काँक्रीटवर, वारा असताना फवारलं तर अभिक्रिया होण्याआधीच बरंचसं हवेत जातं. मुरणाऱ्या सीलरना नावं ठेवणारे ठेकेदार बहुधा असंच भर दुपारी मारलेलं काम पाहून बोलत असतात. पुढे जाडसर मलईच्या स्वरूपात सिलेन आलं, त्याने हे नुकसान कमी झालं.

पण पडद्याची अडचण मुळातच आहे. काँक्रीट खालच्या जमिनीतून ओल ओढतं. ऊन वरून तापवतं, ओलीची वाफ होते, आणि वर दार बंद. मग फोड येतात, किंवा पडद्याखाली पांढुरका धुरकटपणा साठतो. ओलीत क्षार असतील तर ते पडद्याखालीच स्फटिक धरतात आणि काँक्रीटची वरची पापडी उचलतात. आखाती देशांत १९७० च्या दशकात झपाट्याने बांधकाम झालं. तिथल्या खाऱ्या भूजलाने आणि उष्णतेने काँक्रीट किती लवकर खाल्लं, हे तिथल्या अभियंत्यांनी पुढच्या दशकातच पाहिलं. आपल्याकडे समुद्र नाही, पण बोअरचं खारं पाणी आहे, आणि अंगणाची तराई, म्हणजे नव्या काँक्रीटवर पाणी मारणं, त्याच पाण्याने होते.

यात १९९८ साली अमेरिकेत रंग-कोटिंगांतल्या उडून जाणाऱ्या द्रावकांवर देशभर मर्यादा आली. दक्षिण कॅलिफोर्नियात त्याहून कडक नियम होते. हवेसाठी ते योग्यच होतं. मात्र वाळवंटातल्या कारागिराची पंचाईत झाली. झायलीन या द्रावकातलं ॲक्रिलिक बिघडलं, तर झायलीन फिरवून जुना थर पुन्हा मऊ करून बसवता येत असे. त्याच्या जागी पाण्यातलं ॲक्रिलिक आलं. ते कोरड्या गरम हवेत वरून लगेच सुकतं आणि आतले कण एकजीव होत नाहीत. नियमातून सूट मिळालेलं ॲसिटोन इतकं झपाट्याने उडतं की रोलरमागे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे ओढले जातात. काम सूर्य उतरल्यावर करायचं, हा धडा तेव्हा पक्का झाला. त्याला आणखी एक कारण आहे. सकाळी काँक्रीट तापत असताना छिद्रांतली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या थरात बुडबुडे सोडते. संध्याकाळी काँक्रीट निवत असतं, तेव्हा तीच हवा आकसते आणि द्रव्य आत ओढलं जातं. आपल्याकडे आजही हे काम सकाळी नऊला सुरू होतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. याला पैसा लागत नाही, वेळ बदलावी लागते.

अलीकडचा अध्याय 'कूल कोटिंग'चा, म्हणजे ऊन परतवणाऱ्या फिक्या थराचा आहे. नवं करडं काँक्रीट सूर्याची साधारण ३५ ते ४० टक्के ऊर्जा परतवतं, पांढऱ्या सिमेंटचं त्याच्या जवळपास दुप्पट. गच्चीवर पांढरा थर द्यावा, यात वाद नाही. अहमदाबादेत आणि तेलंगणात तर तो सरकारी धोरणाचा भाग झाला. अंगण मात्र वेगळं, कारण तिथे माणूस उभा राहतो. फिनिक्समध्ये २०२० साली काही डांबरी रस्त्यांवर फिका थर देऊन मोजमाप केलं गेलं. दुपारी पृष्ठभाग साधारण सहा अंश सेल्सिअसने थंड राहिला, पण परतलेल्या किरणांमुळे त्यावर उभ्या माणसाला लागणारी उष्णता सुमारे तीन अंशांनी वाढली. घरापुढचं अंगण पांढरंशुभ्र केलं तर तीच झळ ओसरीत आणि खिडकीत येणार. अंगणाला मध्यम फिका, खरबरीत रंग बरा. पांढरा रंग इथल्या धुळीत राहतोही थोडेच दिवस.

सध्या लष्कर-मुरारच्या दुकानांत पडद्याचाच माल पुढे मांडलेला असतो. मुरणारा सीलर मागितला तर बहुतेक वेळा दगडासाठी म्हणून आणलेला डबा निघतो. तो वालुकाश्मावर चालतो तसा काँक्रीटवरही चालतो, फक्त काँक्रीटला महिना पुरा झालेला हवा. पडदाच हवा असेल, तर आधी ओल तपासावी. दीड फूट लांब आणि तेवढाच रुंद प्लास्टिकचा कागद चारही कडांनी टेपने चिकटवून सोळा तास ठेवायचा. खाली दव दिसलं किंवा काँक्रीट गडद पडलं, तर आतली ओल अजून निघालेली नाही. ही तपासणी मे महिन्यात केली तर कागद बहुधा कोरडाच निघेल. आपल्याकडे ती करायची ती सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊस नुकताच सरल्यावर, आणि काम ऑक्टोबरात.