मेंदूतला साखरेचा साठा कुणाकडे असतो?

परीक्षा जवळ आल्या की घराघरांत ग्लुकोज पावडरचे डबे येतात. ‘पेपरला जाताना दोन चमचे घे, डोकं चालेल.’ मेंदूला ग्लुकोज लागतं हे खरंच आहे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढी ऊर्जा वापरतं तिच्यातला सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. मात्र नीट जेवलेल्या, निरोगी मुलाच्या रक्तातलं ग्लुकोज शरीर स्वतःच सांभाळतं. त्यासाठी डबा लागत नाही.

मला त्याहून जास्त नवल वाटतं ते मेंदूच्या स्वतःच्या साठ्याचं. यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोज जोडून साठवलेली साखर, असतं, स्नायूंत त्याच्या कितीतरी पट. मेंदूत मात्र जेमतेम काही ग्रॅम, आणि तेही विचार करणाऱ्या चेतापेशींकडे जवळजवळ नसतंच. ते असतं अ‍ॅस्ट्रोसाइट या तारकाकृती आधारपेशींकडे. त्यांचे पाय एकीकडे केशवाहिन्यांना वेढून असतात, तर दुसरीकडे त्यांच्या बारीक शाखा चेतापेशींच्या सांध्यांपर्यंत पोचलेल्या असतात. रक्तातून साखर उचलायला याहून सोयीची जागा नाही.

ग्लायकोजेनचा रेणू झाडासारखा फांद्याफांद्यांचा असतो. टोकं भरपूर, त्यामुळे एकाच वेळी अनेक ठिकाणांहून तोडता येतो. आपण एकदम सावध झालो की मेंदूत सावधतेचा निरोप देणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन सुटतं. अ‍ॅस्ट्रोसाइटच्या आवरणावर ते येऊन बसलं की आत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, आणि एकामागून एक विकरं (एन्झाइम) जागी होत शेवटी ग्लायकोजेन फॉस्फोरिलेज कामाला लागतं. ते फांदीच्या टोकाचं ग्लुकोज सुटं करतं आणि सुटं करतानाच त्याला फॉस्फेट जोडतं. हा फॉस्फेट एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून आणावा लागत नाही. म्हणून रक्तातल्या एका ग्लुकोजपासून ऑक्सिजनविना दोन एटीपी मिळतात, तर ग्लायकोजेनमधल्या ग्लुकोजपासून तीन!

यकृतात हा फॉस्फेट काढून ग्लुकोज पुन्हा रक्तात सोडता येतं. अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये ते काम करणारं विकर जवळजवळ नसल्यासारखंच. त्यामुळे ही साखर पेशीतच फुटते, तिचं लॅक्टेट (साखर अर्धवट फुटून बनणारं, इंधन म्हणून चालणारं द्रव्य) होतं आणि ते बाहेर पडून चेतापेशीत शिरतं. चेतापेशीला रोज किती लॅक्टेट लागतं आणि किती थेट ग्लुकोज, यावर पेलरिन आणि मॅजिस्ट्रेटी यांच्या १९९४ च्या शोधनिबंधापासून वाद चालू आहे. पण अल्बेरिनी यांच्या प्रयोगशाळेतला २०११ चा उंदरांवरचा प्रयोग मला फार बोलका वाटतो. हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या स्मृतीशी संबंधित भागातलं ग्लायकोजेन फुटणं औषधानं रोखलं, तेव्हा नुकतं शिकलेलं उंदरांना थोडा वेळ आठवलं, पण दुसऱ्या दिवशी नाही. लॅक्टेट दिल्यावर स्मृती टिकली. चेतापेशीत लॅक्टेट आत घेणारं प्रथिन कमी केल्यावर मात्र लॅक्टेट देऊनही उपयोग झाला नाही.

मग चेतापेशी स्वतःच साठा का करत नाहीत? ग्लायकोजेन बनवणारं विकर त्यांच्यात असतं, पण दाबून ठेवलेलं. ते मोकळं केलं की पेशी मरतात. लाफोरा या आजारात असंच काहीसं घडतं. गोंझालो लाफोरा यांनी १९११ मध्ये मेंदूच्या पेशींत गोळे पाहिले. ते बिघडलेल्या, नीट फांद्या नसलेल्या ग्लायकोजेनचे असतात. रुग्ण बहुतेक किशोरवयीन, आणि सुरुवात होते आकडीनं.

आकडी आली की आपल्याकडे अजून कांदा किंवा चप्पल हुंगवतात, अंगात आलं म्हणून देवऋषी गाठतात. ते करू नका. रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट रुग्णालयात न्या. लाफोराच्या बाबतीत तर बिघाड कोणत्या जनुकांत आहे हेही ठाऊक आहे. लॅफोरिन आणि मॅलिन ही प्रथिनं बनवणारी ती दोन जनुकं. असा आजार असलेल्या उंदरांत ग्लायकोजेन बनणंच कमी केलं, तेव्हा गोळेही घटले आणि झटक्यांची प्रवृत्तीही. माणसासाठीच्या उपचारांचा शोध आता त्याच दिशेनं चालला आहे.