कीबोर्ड बिघडला नाहीये, मोजणी चुकतीये

नमस्कार मंडळी. हे माहितीपत्रक कीबोर्डच्या आणि पेटीच्या प्रत्येक बिलासोबत देतोय, व्हॉट्सअॅपवर पण टाकतोय, कारण "कॉर्ड (तीन-चार सूर एकदम दाबणं) बेसूर का वाजते" या एकाच प्रश्नाचं उत्तर फोनवर रोज सांगून आता घसा बसायची वेळ आलीये.

मागच्या महिन्यात एका भजनी मंडळाचे काका एसटीने कीबोर्ड घेऊन आले, चादरीत गुंडाळलेला, वर सुतळी. म्हणाले दादा, याच्या कॉर्ड बेसूर वाजतात, नवीन घेतलाय, बदलून द्या. मी म्हटलं वाजवून दाखवा. त्यांनी पांढरी एक (दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी, तिथून काळ्या आणि पांढऱ्या वेगवेगळ्या मोजायच्या), काळी दोन आणि पांढरी चार अशा तीन पट्ट्या एकदम दाबल्या, आणि खरंच विचित्र वाजलं. मग म्हटलं काका, या तीन पट्ट्या कशा काढल्यात ते मोजून दाखवा बरं. काकांनी पांढऱ्या एकवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "एक."

झालं. तिथेच चूक. कीबोर्डला काहीही झालेलं नव्हतं, काकांचा अख्खा दिवस आणि जायचंयायचं एसटीचं भाडं त्या "एक" मध्ये गेलं.

व्हिडिओमध्ये सांगतात की मेजर कॉर्ड म्हणजे चार आणि तीन. बरोबर आहे. पण ते चार म्हणजे चार पट्ट्या नाही, चार उड्या. सापशिडीत फाशावर चार पडले तर आपली सोंगटी ज्या घरात उभी आहे ते घर आपण एक म्हणून मोजतो का? मोजलं तर पहिलीतलं पोरगं पण भांडायला उठेल. इथे पण तसंच, बोट ज्या पट्टीवर आहे ती शून्य. काळी-पांढरी असा भेदभाव न करता लगेचच्या पट्टीवर एक उडी. पांढऱ्या एकवरून काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, झाल्या चार उड्या. आता पांढरी तीन शून्य धरा आणि पुढे तीन उड्या, पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच. म्हणजे पांढरी एक, तीन, पाच. हा झाला सी मेजर, आपल्या भाषेत सा ग प. लक्षात ठेवा की पांढरी तीन आणि चारच्या मध्ये काळी नाही आणि सातच्या पुढे पण नाही, तिथे पांढरीवरून पांढरीवर गेलं तरी ती एकच उडी.

मायनर म्हणजे हेच उलटं, आधी तीन मग चार. सा, कोमल ग, प. दोन्हीत सा आणि प जागचे हलत नाहीत, फक्त मधलं बोट एक पट्टी मागे येतं आणि अख्ख्या कॉर्डचा चेहरा बदलतो. दुकानात आलात की एवढं एकदा करून बघा, सा आणि प दाबून धरायचे आणि मधलं बोट ग वरून कोमल ग वर, परत ग वर. दोन मिनिटात कानाला जे कळतं ते दहा व्हिडिओ बघून कळत नाही.

आता या चुकीत तुमचा पूर्ण दोष नाहीये हे पण सांगतो. आपण पट्ट्यांना नावंच पांढरी एक, काळी एक अशी देतो, म्हणजे पहिल्या पट्टीला एक म्हणायची सवय लहानपणापासून. त्यात पंचम म्हणजे सा पासून पाचवा, तिथे सा ला एक धरूनच मोजतात. आणि वर कोणीतरी सांगतं की कॉर्ड म्हणजे एक-तीन-पाच. ते पण खरंय, पण ते एक-तीन-पाच सा रे ग म प ध नि या सात सुरांमधलं आहे आणि चार-तीन हे बारा पट्ट्यांमधलं. दोन हिशोब वेगळे, एकात सा ला एक म्हणायचं, दुसऱ्यात शून्य. काही जण दोन्हीची खिचडी करून बारा पट्ट्यांमध्ये पहिली, तिसरी, पाचवी दाबतात, म्हणजे सा रे ग एकदम, आणि मग दुकानात फोन येतो की आवाज फाटतोय.

चूक ओळखायचा उपाय सोपा आहे. सा, कोमल ग आणि म एकदम ऐकू आले, म्हणजे काकांसारखं, तर मेजर काढताना सुरुवातीची पट्टी मोजली गेलीये. सा रे म आलं तर मायनरमध्ये तीच चूक. मला फोनवर नुसता आवाज ऐकवलात तरी मी सांगतो, त्यासाठी कीबोर्ड उचलून आणू नका प्लीज.

एकदा उड्या जमल्या की कुठल्याही पट्टीतून निघतं, पाठांतर लागत नाही. पुरुष मंडळी बऱ्याचदा काळी एकमध्ये, म्हणजे काळी एकला सा धरून, गातात, तिथला मेजर काळी एक, पांढरी चार, काळी चार. बायकांना काळी चार लागते, तिथला मेजर काळी चार, पुढची पांढरी एक आणि काळी दोन. मोजून बघा, चार आणि तीनच येतील. पांढरी सहाचा मायनर म्हणजे पांढरी सहा, पुढची एक आणि तीन. मेजरच्या वर आणखी तीन उड्या टाकल्या की सेव्हन्थ होते, म्हणजे चार-तीन-तीन. तीन-तीन केलं की डिमिनिश्ड, चार-चार केलं की ऑगमेंटेड, या दोन्ही सुरुवातीला लागत नाहीत, सोडून द्या. आणि सूर तेच ठेवून क्रम बदलला, ग प सां किंवा प सां गं (टिंब म्हणजे वरच्या सप्तकातला), तरी कॉर्ड तीच राहते, हात फार उडवायला लागू नये म्हणून ते करायचं.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात हे परकं आहे, आपल्यात कॉर्ड नसतेच. मला अर्धंच पटतं. चांगला जुळलेला तानपुरा छेडा आणि शांत बसा, त्यात गंधाराची तार नसते तरी गंधार ऐकू येतो, ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो. सा आहे, प आहे, ग आपोआप आलाय, मग मेजर कॉर्ड आणखी काय वेगळी असते? फरक असा की आपण ती एकदा लावून तिच्यावर तासभर गातो आणि पाश्चात्य वादक दर दोन-चार मात्रांनी बदलतात.

पण रागातल्या चालीखाली कॉर्ड टाकताना मात्र विचार करा, इथे दुसरा मोठा घोळ होतो. मालकंसातला अभंग असतो, कोमल ग आहे म्हणून लोक सरळ सा मायनर दाबतात. अहो पण मालकंसात पंचमच नाहीये. सा मायनरमध्ये प आला, म्हणजे गाणाऱ्याने जो सूर जपून टाळलाय तो तुम्ही खालून ढोल वाजवल्यासारखा वाजवताय. मालकंसाच्या पाच सुरांत मोजून दोनच मेजर-मायनर बसतात, म चा मायनर आणि कोमल ध चा मेजर. सा च्या नावाची एकही नाही. म्हणून सा म कोमल ध असं दाबा, हा म मायनरच आहे फक्त सा खाली ठेवून, काळी एकच्या पट्टीत काळी एक, काळी तीन, पांढरी सहा. एकदम शांत बसतं बघा. भूपात पण दोनच निघतात, सा ग प हा मेजर आणि ध सा ग हा मायनर. रागाचे सूर लिहून काढायचे आणि कुठून चार-तीन किंवा तीन-चार मिळतंय ते बघायचं, एवढंच. गोव्याची सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखी माणसं मुंबईच्या फिल्म ऑर्केस्ट्रात आपल्या चालींखाली कॉर्ड बसवत होतीच की, तेव्हा होत नाही असं नाही, कान लागतो.

आता पेटीवाल्यांसाठी. गांधार ट्यूनिंग करून घेतलेली पेटी घेऊन येतात आणि म्हणतात कॉर्ड चांगल्या लागत नाहीत. त्या पेटीचे सगळे सूर एका ठरलेल्या सा च्या नात्याने लावलेले असतात. त्या सा चा मेजर तिच्यावर इतका गोड लागतो की कीबोर्डवर तसा येणारच नाही, कारण कीबोर्डचा ग तानपुऱ्यातल्या त्या स्वयंभू गंधारापेक्षा साधारण १४ सेंट वर असतो (एका पट्टीची उडी म्हणजे १०० सेंट). पण सा बदललात की गणित फिसकटतं. उदाहरण म्हणजे रे आणि ध, दोघंही सा शी छान पण एकमेकांशी नाही, ध गंधाराच्या नात्याने लावला असेल तर रे चा पंचम जवळपास २२ सेंट कमी पडतो आणि रे मायनर लाटा मारतो, म्हणजे आवाज थरथरतो. ही आमच्या ट्यूनिंगची चूक नाहीये, तिचं कामच ते आहे. कोणी म्हणतं मग परत साधं, म्हणजे कीबोर्डसारखं सगळ्या उड्या सारख्या असलेलं ट्यूनिंग करून द्या आणि सहा महिन्यांनी परत गांधार. तसं आम्ही करत नाही, आणि त्यावरून एक-दोन गिऱ्हाईकं रागावून पण गेलीत. रीड पितळेची असते, टोकाला खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो, प्रत्येक वेळी धातू कमीच होतो, वाढत नाही. तेव्हा आधी ठरवा, एकाच पट्टीत सोलो किंवा साथ करायची तर गांधार, कॉर्ड आणि सगळ्या पट्ट्या हव्या तर साधं. दोन्ही हवं असेल तर दोन पेट्या, जुनी रिपेअर केलेली परवडणारी मिळते आपल्याकडे, विचारा.

तपासणीचे २०० रुपये का घेता असं पण विचारतात. कीबोर्ड टेबलावर लावणं, एकूण एक पट्टी वाजवून बघणं, ट्रान्सपोज (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं बटण) शून्यावर आहे का बघणं (दहातल्या तीन-चार "बेसूर" कीबोर्डना घरातल्या पोराने तेच बटण दाबलेलं असतं), याला अर्धा तास जातो आणि तेवढ्यात एका पेटीचा भाता चिकटवून होतो. खरंच बिघाड निघाला तर ते २०० रिपेअरच्या बिलात वळते करतो. आणि कीबोर्डच्या तयार ऱ्हिदमवर कॉर्ड लागत नसेल तर आधी मोड बघा. फिंगर्डमध्ये तिन्ही पट्ट्या दाबाव्या लागतात, एका बोटाच्या मोडमध्ये कॅसिओ आणि यामाहाची पद्धत वेगवेगळी आहे, कॅसिओत मायनरसाठी उजवीकडची आणखी एक पट्टी, यामाहात डावीकडची काळी. माझं मत विचाराल तर पहिल्या दिवसापासून फिंगर्डच ठेवा, एका बोटाची सवय लागली की हात कधी शिकत नाही.

ज्यांना उड्या मोजायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी आम्ही पारदर्शक प्लॅस्टिकची एक पट्टी कापून देतो. पट्ट्यांच्या मागच्या टोकाला, जिथे काळ्या पट्ट्या आत जातात, तिथे बारा पट्ट्या जवळजवळ सारख्या अंतरावर असतात. फुल साइझ कीबोर्डला एक सप्तक साधारण साडेसोळा सेंटिमीटर, म्हणून पहिल्या खुणेपासून साडेपाच सेंटिमीटरवर दुसरी आणि साडेनऊच्या थोडं पुढे तिसरी. पहिली खूण हव्या त्या पट्टीवर ठेवली की मेजर समोर दिसतो, प्लॅस्टिकची पट्टी उलटी केली की मायनर. मिनी कीज असतील तर ही चालणार नाही, तशी आधी सांगा. आपल्याकडून कीबोर्ड घेतला तर फुकट, बाहेरून घेतलेल्यांना ३० रुपये. घरी पुठ्ठ्याची कापलीत तरी आमचं काही म्हणणं नाही.

सोमवारी दुकान बंद. दुपारी एक ते चार फोन उचलत नाही, ट्यूनिंग चालू असतं. आणि कीबोर्ड आणायचाच असेल तर अॅडॉप्टर सोबत आणा, काका तो घरीच विसरले होते.