ट्विस्ट ड्रिल: चिप, उष्णता आणि धार लावण्याच्या नियमांची पार्श्वभूमी

धातूला भोक पाडताना जिथे कापण्याचे काम चालते, ती जागा कामगाराला दिसत नाही. लेथवर चिप, म्हणजे कापून निघालेली धातूची कातरण, मोकळ्या हवेत सुटते. ड्रिलची चिप भोकाच्या तळाशी तयार होते आणि तिला त्याच अरुंद वाटेने वर यावे लागते. उष्णताही तिथेच कोंडते. ड्रिलचा आजचा आकार आणि ते वापरण्याचे बरेचसे नियम या दोन अडचणींतून घडले आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कारखान्यांत चपट्या ड्रिलचाच वापर मुख्य होता. लोहार पोलादी सळईचे टोक तापवून, ठोकून पसरट करी, दोन कडा घासून टोक काढी आणि त्याला पाणी देई, म्हणजे तापवून, झटकन थंड करून कडक करी. हे ड्रिल कुठेही बनवता येई, पण ते धातू कापण्यापेक्षा खरवडतच जास्त असे. चिप वर आणायला त्यात वाट नव्हती, त्यामुळे ड्रिल पुन्हापुन्हा बाहेर काढून भोक साफ करावे लागे. पात्याला भोकाच्या भिंतीचा पुरेसा आधार नसल्याने खोल भोक तिरके जाई. शिवाय पाते मागे निमुळते असे, म्हणून दर वेळी धार लावली की व्यास थोडा कमी होई. एकाच मापाची शेकडो भोके पाडायची तर हा दोष फार महाग पडे.

गोल सळईत दोन सर्पिल खाचा पाडल्या, म्हणजेच ट्विस्ट ड्रिल बनवले, की हे सगळे प्रश्न एकदम सुटतात. चिप खाचेतून वर चढते आणि कटिंग ऑइल त्याच खाचेतून खाली उतरते. खाचांच्या कडेची अरुंद पट्टी, म्हणजे मार्जिन, भोकाला टेकून ड्रिल सरळ ठेवते. धार कितीदा लावली तरी व्यास जवळजवळ तोच राहतो. अडचण होती ती या खाचा पाडायच्या कशा, ही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या सुरुवातीला प्रॉव्हिडन्स टूल कंपनीत बंदुकीच्या निपलमधील (ठिणगी दारूपर्यंत नेणाऱ्या लहान नळीतील) बारीक भोकांसाठी असे ड्रिल वापरात होते, पण त्यांच्या खाचा कामगार गोल कानशीने हाताने घासत. हे काम यंत्रावर व्हावे म्हणून त्याच कंपनीच्या फ्रेडरिक हाऊ यांनी यंत्रे बनवणाऱ्या ब्राउन अँड शार्पच्या जोसेफ ब्राउन यांना गळ घातली आणि 1862 मध्ये युनिव्हर्सल मिलिंग मशीन तयार झाले. टेबल सरकत असताना सळई गिअरच्या साखळीने ठरावीक प्रमाणात फिरत राहते, ही त्यातली कळ. पुढे टूलरूमचा, म्हणजे हत्यारे बनवण्याच्या विभागाचा, कणा ठरलेल्या या यंत्राचा जन्म ड्रिलच्या खाचेसाठी झाला, ही गोष्ट आयटीआयच्या वर्गात आवर्जून सांगायला हवी.

स्टीफन मोर्स यांनी 7 एप्रिल 1863 रोजी ट्विस्ट ड्रिलचे पेटंट मिळवले आणि पुढच्या वर्षी मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड येथे कारखाना उभारला. त्यांचे नाव आज ड्रिलपेक्षा मोर्स टेपरमुळे, म्हणजे ड्रिल यंत्रात बसवण्याच्या निमुळत्या दांड्यामुळे, तोंडात असते. हा टेपर साधारण 20 ला 1 असतो. इतक्या कमी उतारामुळे शँक (ड्रिलचा दांडा) स्लीव्हमध्ये (तो बसतो त्या नळीत) घट्ट धरून बसतो आणि फिरवण्याचा जोर मुख्यतः या पकडीतूनच जातो. शँकच्या टोकाच्या चपट्या जिभेवर, म्हणजे टँगवर, हा भार यावा अशी अपेक्षा नाही. ड्रिल काढताना ड्रिफ्टची पाचर तिथे बसते. म्हणून टँग तुटला की दोष बहुधा स्लीव्हमध्ये सापडतो: आत अडकलेली चिप, उठलेला बर (धातूचा खरखरीत काठ) किंवा तेलाचा थर. बसवण्यापूर्वी शँक आणि स्लीव्ह दोन्ही कोरड्या फडक्याने पुसावेत, आणि ड्रिल काढताना खाली लाकडाचा तुकडा ठेवावा.

आकार सुधारला तरी पोलाद जुनेच होते. कार्बन स्टीलची धार 200 ते 250 अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते, त्यामुळे वेग वाढवता येत नव्हता. बेथलेहेम स्टीलमध्ये फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी टंगस्टन-क्रोमियमचे पोलाद वितळणबिंदूच्या जवळ तापवून कडक करण्याची पद्धत काढली. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचे टूल लालसर होऊनही निळ्या चिप्स काढताना लोकांनी पाहिले. हेच हायस्पीड स्टील. ते 600 अंशांच्या आसपासपर्यंत कडकपणा टिकवते. 18 टक्के टंगस्टन, 4 टक्के क्रोमियम आणि 1 टक्का व्हॅनेडियम हे त्याचे जुने प्रमाण. दुसऱ्या महायुद्धात टंगस्टनची टंचाई झाल्यावर मॉलिब्डेनमचे एम-2 हे हायस्पीड स्टील पुढे आले आणि बाजारातले पुष्कळ ड्रिल आज त्याचेच असतात. माइल्ड स्टीलसाठी हायस्पीड ड्रिलच्या धारेला मिनिटाला 25 ते 30 मीटर वेग चालतो. 10 मिमी ड्रिलला 25 मीटर धरले तर सुमारे 800 आरपीएम (मिनिटाला फेरे). स्टेनलेसला याच्या निम्माच वेग ठेवावा, पण फीड, म्हणजे ड्रिल आत सरकण्याची गती, कमी करू नये. ड्रिल नुसते घासत राहिले तर भोकाचा तळ कडक होतो आणि पुढे धार चालत नाही.

पोलाद बदलले, सवय मात्र मागे राहिली. ग्राइंडरवर ड्रिल घासत दर क्षणी पाण्यात बुडवणे कार्बन स्टीलसाठी आवश्यकच होते. धार निळी पडली की पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलेच. हायस्पीड स्टील मात्र चांगले तापलेले असताना पाण्यात घातले तर धारेवर केसासारख्या चिरा पडतात आणि पुढच्या कामात तिथून टवके उडतात. दाब हलका ठेवावा, थोडे थोडे घासावे आणि ड्रिल हवेत निवू द्यावे.

सर्वसाधारण कामाचा टोकाचा कोन 118 अंश आणि धारेमागची उतरण 8 ते 12 अंश. उतरण कमी पडली तर टाच (धारेमागचा भाग) घासते, ड्रिल आत शिरत नाही, आणि दाब वाढवला की मधोमध चिरते. ती जास्त झाली तर धारेला आधार राहत नाही आणि कोपरे उडतात. दोन्ही धारांची लांबी असमान असेल तर भोक मापापेक्षा मोठे येते. दोन्हींचा कोन वेगळा असेल तर एकाच खाचेतून चिप निघते. ही खूण भोक मोजण्याआधीच दिसते.

मोर्स यांच्या काळापासून एक अडचण आकाराच्या पोटातच आहे. दोन खाचांच्या मध्ये गाभा ठेवावाच लागतो, आणि त्याच्या टोकाची आडवी चिझल एज धातू कापत नाही, दाबून बाजूला सारते. मध्यबिंदूवर वेग शून्य असतो. फीडसाठी लागणाऱ्या एकूण जोराचा निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा ही छोटी रेघ खाते. मोठ्या ड्रिलआधी गाभ्याच्या जाडीएवढे लहान, म्हणजे पायलट, भोक पाडतात ते यासाठीच. पायलट फार मोठे केले तर धारेचे बाहेरचे कोपरेच एकदम धातूत शिरतात आणि ड्रिल थरथरते. गाभा शँककडे जाडही होत जातो, म्हणून धार लावून आखूड झालेले ड्रिल नव्यापेक्षा जास्त जोर मागते. अशा वेळी पातळ चाकाच्या कडेने दोन्ही खाचांतून गाभा सारखाच उतरवून चिझल एज मूळ रुंदीवर आणावी. एका बाजूने जास्त घासले गेले तर टोक मध्यातून सरकते.