कोकणातलं रान, कृष्णधवल फिल्म आणि हिरव्या फिल्टरचा वाद

हिरवा रंग करड्याच्या कोणत्या छटेत उतरणार, हा कृष्णधवल फिल्मवर रान टिपणाऱ्यांचा पहिल्यापासूनचा प्रश्न. १८५१ नंतरच्या ओल्या कोलोडियन काचेला (तेव्हा फोटो फिल्मऐवजी रसायन लावलेल्या काचेवर निघत) फक्त निळा-जांभळा उजेड कळायचा. तिच्यावर झाडी काळी आणि आकाश पांढरंफटक. जांभ्या दगडाची भिंतही मागच्या झाडीत मिसळून जाणार, कारण लाल आणि हिरवा दोन्ही त्या काचेच्या लेखी अंधारच. इमल्शनमध्ये, म्हणजे काचेवरच्या उजेड टिपणाऱ्या थरात, रंगद्रव्य मिसळून तिला हिरवा दाखवता येतो हे १८७३ मध्ये कळलं आणि त्यातून हिरवा ओळखणाऱ्या, पण लाल न ओळखणाऱ्या ऑर्थो काचा आल्या. लालही ओळखणाऱ्या पँक्रो काचा १९०६ पासून विकत मिळू लागल्या.

वाद सुरू झाला तो पँक्रोनंतर. पँक्रो फिल्मला निळा आणि लाल चांगला दिसतो, पण मधल्या हिरव्या पट्ट्यात तिची नजर किंचित मंदावते. म्हणून जुन्या मार्गदर्शकांनी नियम घालून दिला, की रानात पिवळा-हिरवा फिल्टर लावावा म्हणजे पानं उजळतील. सत्तर-ऐंशीच्या दशकात उटीच्या सरकारी कारखान्याचा 'इंदू' किंवा पूर्व जर्मनीचा रोल घेऊन आंबोलीला आणि देवरायांमध्ये जाणाऱ्यांपर्यंत हा नियम जसाच्या तसा पोचला. त्यावर आजही दोन तट आहेत: एक तो तसाच पाळणारा, दुसरा तो कोकणात चालत नाही म्हणणारा.

नियम चुकीचा नाही, पण त्यातली पानं थंड मुलखातल्या पानझडी झाडांची आहेत: पातळ, मऊ, उजेड आरपार जाऊ देणारी. कोकणातल्या सदाहरित रानात आंबा, कोकम, सुरंगी, उंडी यांची पानं जाड आणि मेणचट. त्यांच्यावरून कॅमेऱ्याकडे येणाऱ्या उजेडातला मोठा वाटा पानाच्या आत शिरलेलाच नसतो, वरच्या थरावरून परत फिरलेला असतो. ही चकाकी हिरवी नसते. ढगाळ दिवशी ती पांढरी असते, उघडीप असेल तर आकाशासारखी निळसर. पांढऱ्या चकाकीपुढे हिरवा फिल्टर हतबल ठरतो. दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्म्यावर) खर्चूनही पान मूळ करड्यापेक्षा फारसं उजळत नाही. निळसर चकाकीवर साधा पिवळा फिल्टर एका स्टॉपमध्ये बरंच काम करतो.

दुसरी अडचण पालवीची. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुसुमाची कोवळी पानं लालभडक असतात, आंब्याची तांबूस. हिरवा फिल्टर त्यांना काळं करतो. जे सगळ्यात कोवळं, तेच फोटोत करपल्यासारखं दिसतं. त्या दिवसांत फिल्टर न लावणं उत्तम, किंवा फार तर पिवळा.

चकाकीवर खरा इलाज पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावून फिरवायचा, चकाकी अडवणारा फिल्टर. तो दीड ते दोन स्टॉप खातो, पण पानावरचा पांढरा पडदा काढून आतला रंग फिल्मपर्यंत पोचवतो. मात्र तो पूर्ण फिरवू नये. कृष्णधवल चित्रात पानाची वळणं त्या चकाकीनेच दिसतात. ती सगळी पुसली तर झाडीचा नुसता सपाट करडा ढीग उरतो. ओली सालही मरते: ऐनाच्या मगरीच्या पाठीसारख्या खोडाचे खवले ओलेपणाच्या चमकेमुळेच उठून दिसतात. व्ह्यूफाइंडरमध्ये पाहत पोलरायझर फिरवावा आणि चकाकी निम्म्यावर आली की थांबावं.

यात वेळेचं गणित बिघडतं, ते आधी करून ठेवावं. श्रावणातल्या ढगाळ सकाळी झाडांच्या दाट छताखाली १०० आयएसओच्या (उजेडाला मध्यम संवेदनशील) फिल्मला एफ १६ वर (लेन्सचं छिद्र बारीक ठेवून) साधारण दोन सेकंद लागतात. पोलरायझर धरून सहा होतात. एवढ्या लांब एक्स्पोजरला, म्हणजे फिल्मवर इतका वेळ उजेड पडू दिला तर, फिल्म मंदावते, म्हणून प्रत्यक्षात दहा ते पंधरा सेकंद द्यावे लागतात. भेरली माडाची झावळी तेवढा वेळ स्थिर राहत नाही. दोन सरींमधली वाऱ्याची विश्रांती गाठावी लागते.

उन्हाच्या दिवशी अडचण उलटी. छतातून पडलेले कवडसे आणि मुळांमधली सावली यांत इतकं अंतर असतं, की सावलीला पुरेसं एक्स्पोजर दिलं तर कवडसे निगेटिव्हवर ठार काळे, म्हणजे छापात कोरे पांढरे, होतात. यावर घरी डेव्हलपर (फिल्मवरची प्रतिमा उमटवणारं रसायन) बनवणाऱ्यांनी दोन द्रावणांची जुनी पद्धत जिवंत ठेवली. पहिलं द्रावण: एक लिटर पाण्यात मेटॉल ७.५ ग्रॅम आणि सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम. फिल्म त्यात चार-पाच मिनिटं ठेवायची आणि मधे पाण्याने न धुता थेट दुसऱ्यात, म्हणजे लिटरला १० ग्रॅम बोरॅक्समध्ये, तीन मिनिटं. इमल्शनने शोषलेला डेव्हलपर कवडशांच्या जागी लगेच संपतो, सावलीत मात्र काम करत राहतो. दुसऱ्या द्रावणात टाकी हलवत बसलं तर हा फायदाच जातो.

या वेळा २० अंशांच्या आहेत. कोकणात विहिरीचं पाणीच २७-२८ अंश असतं. अशा पाण्यात जिलेटिन फुगतं, मऊ पडतं आणि नखाच्या टोकानेही खरवडतं. बर्फ द्रावणात टाकू नये, टाकीभोवतीच्या टबात टाकावा. फिक्सर (प्रतिमा पक्की करणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाजवळ आणावं, नाहीतर इमल्शनला बारीक सुरकुत्या पडतात. बर्फ मिळत नसेल तर नेहमीच्या एका द्रावणाच्या डेव्हलपरमध्ये लिटरमागे ५० ते १०० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट मिसळतात. त्याने फुगणं आवरतं. पावसाळ्यात एक्स्पोज झालेला रोल डब्यात राहू देऊ नये. दमट उष्णतेत त्यावरची अदृश्य प्रतिमा फिकी होत जाते आणि बुरशीला जिलेटिन हे खाद्यच आहे.

पुढे देशी रोल बंद झाला, पूर्व जर्मनीच राहिली नाही आणि आयात फिल्मच्या किमती चढत गेल्या. त्यामुळे ऑर्थो मागच्या दाराने परत आली. एका ब्रिटिश उत्पादकाने २०१९ मध्ये ती ३५ मिमी आणि १२० रोलमध्ये आणली. त्याआधीपासून मोठ्या कॅमेऱ्यांचे लोक हिरव्या उजेडासाठीची एक्स-रे फिल्म कापून वापरत आहेत. ही फिल्मही लाल ओळखत नाही. पानं तिच्यावर फिल्टरशिवाय उजळ उतरतात, जांभा आणि तांबूस पालवी मात्र काळी पडते. म्हणून ती पालवीच्या दिवसांत नेऊ नये, भाद्रपदातल्या गर्द हिरव्या रानात न्यावी. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये धुताना डोळ्यांनी पाहून थांबता येतं, ही तिची मोठी सोय. बहुतेक एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंनी इमल्शन असतं, म्हणून ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवावी आणि एका वेळी फिल्मचा एकच ताव धुवावा.