मेथीचा खोडवा

परत ते रील आलं, 'एकदा लावा, वर्षभर फुकट मेथी', म्हणजे कापलेल्या रोपालाच परत फुटवा आणून घेतलेलं पीक, खोडवा. वर सल्ला काय तर अमावस्येनंतर कापा म्हणजे जोरात फुटते. अहो, चंद्राला काय पडलंय तुमच्या कुंडीचं, कात्री कुठे लावताय ते बघा आधी.

मीच चुकले होते गेल्या थंडीत. समुद्रमेथीसारखी कोवळी हवी म्हणून ट्रेमधली मेथी पार मातीलगत कापली आणि मग पंधरा दिवस नुसत्या काड्यांना पाणी घालत बसले. एक कोंब नाही! कारण रोपाची पहिली दोन जाडसर पानं, शाळेत बीजपत्रं म्हणायचो ती, त्यांच्या खालच्या भागाला डोळेच नसतात. डोळा म्हणजे उसाच्या पेरावर असतो तसाच, पानाच्या बगलेत दडलेला. खाली दोन-तीन पेरं राखून कापलं तरच फुटवे येणार.

आता माझी आवडती भानगड. हे डोळे आधी झोपलेले का असतात? शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक बनतं, ते खाली सरकतं आणि डोळ्यांना दाबून ठेवतं. 1930 च्या दशकात थिमन आणि स्कूग यांनी शेंडा छाटून तिथे ऑक्सिन लावलं, डोळे गप्पच राहिले. झालं, विषय संपला असं वाटलं. पण ऑक्सिन खोडातून तासाला जेमतेम 1 सेंटीमीटर सरकतं आणि वाटाण्याचा शेंडा उडवला की लांबचा डोळा ऑक्सिन घटल्याची खबर पोचायच्या आतच वाढायला लागतो, मग त्याला उठवतं कोण? साखर! शेंडा म्हणजे घरातला खादाड, तो गेला की साखर डोळ्यांकडे वळते, आणि ती ऑक्सिनच्या शंभरपट वेगाने पळते. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या गटाने 2014 मध्ये हे दाखवलं, शेंडा जागेवर असताना नुसती साखर पुरवली तरी डोळे फुटले. ऑक्सिनचा रोल नंतरचा, आणि त्यात सायटोकायनिन, स्ट्रायगोलॅक्टोन अशी आणखी संप्रेरकमंडळी घुसतात, जाऊ दे.

साखर पानांतच बनते, म्हणून कापताना राखलेल्या पेरांवरची पानंही ठेवायची. हरभऱ्याचे शेंडे भाजीला खुडतात तेव्हा झाड फांद्या काढून पसरतं, तेही हेच.

पालकाचं गणित वेगळं. आपला पालक हा बीटाचा भाऊबंद, त्याचा वाढीचा कोंब बुंध्यातच बसलेला असतो, दोनेक बोटं ठेवून कापा, पंधरा-वीस दिवसांत परत तयार. कोथिंबिरीने मात्र एकदा उन्हाळ्यात फुलोरा धरला की कात्री ठेवून द्या, धणे होऊ देत.