बुजरं कुत्रं मार खाल्लेलंच असतं का?

"निवाऱ्यातलं कुत्रं हात पुढे केला की दबकतं, म्हणजे त्याला कुणीतरी मारलेलं असणार," हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. असं वाटणं साहजिक आहे आणि काही कुत्र्यांबाबत ते खरंही असतं. पण कधीच मार न खाल्लेलं कुत्रंही असंच वागू शकतं. पिल्लू साधारण 3 ते 14 आठवड्यांचं असताना माणसं, आवाज, वस्तू यांना सरावतं. तेव्हा जे समोर आलंच नाही, त्याची पुढे धास्ती वाटू शकते. थोडा बुजरेपणा आईबापांकडूनही येतो.

पडताळायचं कसं? ते कोणत्या वयात, कुठून आलं हे निवाऱ्यात विचारा. मग घरी पाहा: फक्त उचललेल्या हाताला घाबरतं, की मिक्सर, जिना, उघडणारी छत्री यांनाही? नवं ते सगळंच नको असेल, तर कारण बहुधा अपुरी ओळख. छातीठोक निदान मात्र यावरून होत नाही.

"बिचारं" म्हणून लगेच कुरवाळायला जाणं इथेच अंगाशी येतं. डोक्यावरून येणारा हात त्याला नकोच असतो. तिरके, जमिनीवर बसा, नजर रोखू नका. उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा त्याच्याजवळ टाका. खाल्ला नाही, तर तुम्ही फार जवळ आहात, मागे सरका.